दाद न देणाऱ्या पेशी

प्रयोगशाळेत सगळे त्यांना ताई म्हणत. वयाने मोठे असलेलेही ताई म्हणत आणि काल रुजू झालेलेही. हुद्द्याचं नाव लांबलचक होतं, पण खरं काम एकच होतं, पेशी जगवायच्या. कर्करोगाच्या गाठींतून कधीकाळी काढलेल्या पेशी चपट्या, पारदर्शक बाटल्यांत वाढत. त्यांना गुलाबी द्रव घालायचा, तो दिवसाआड बदलायचा, आणि बाटलीत दाटी झाली की निम्म्या पेशींचा संसार दुसरीकडे मांडून द्यायचा. बुरशीचा एक कण आत शिरला की सगळी मेहनत पाण्यात. म्हणून बाटलीचं झाकण उघडताना ताई श्वाससुद्धा जपून घेत. त्यांची नखं कायम बारीक कापलेली असत आणि हातांना स्पिरिटचा वास येई. बोलणं मोजूनमापून. विनोद त्यांना जरा उशिराच कळत, आणि कळले तरी त्या हसतीलच याची खात्री नसे.

नवरा त्यांच्या अगदी उलट टोकाचा. तो मोटार चालवायला शिकवायचा. अर्धं शहर त्याच्या शेजारी बसून गाडी शिकलेलं, त्यामुळे सगळ्यांचे ते मास्तर. आवाज असा, की काच वर असली तरी चौकातल्या लोकांना ऐकू जावा. "अहो, क्लच आहे तो, पायपुसणं नव्हे! हळू सोडा!" शिकणारे घामाघूम व्हायचे आणि परवाना मिळाला की पेढ्यांपेक्षा गोड बोलत मास्तरांना भेटायला यायचे.

घरी चार माणसं जमली की मास्तरांचा ठरलेला विषय म्हणजे ताईंच्या पेशी. "आमच्या हिचे दोन संसार आहेत," ते सांगत. "एक माझ्याबरोबर, एक बाटलीत. बाटलीतल्या मंडळींना वेळच्या वेळी खायला मिळतं. मी आपला झाकण काढून बघतो, काय उरलंय ते." सगळे हसत. लेकही हसे. ताई ओठ थोडे हलवत आणि चहाचे कप उचलून आत जात. सुट्टीच्या दिवशीही त्या प्रयोगशाळेत जात हे खरंच होतं. लेकीच्या वाढदिवसाला केक कापून झाल्यावर, हातातली सुरी खाली ठेवून त्या निघाल्या होत्या हेही खरं. पेशींना वार कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यात त्यांना काही चुकीचं वाटत नसे.

त्यांच्या विभागाचे प्रमुख म्हणजे सर. सरांना एकाच गोष्टीने पछाडलं होतं. कर्करोगाच्या काही पेशी मोठ्या बेरकी असतात. औषध आत शिरलं की त्यांच्या अंगावरचे बारीक पंप ते उपसून बाहेर फेकतात, होडीत शिरलेलं पाणी उपसावं तसं. डॉक्टर औषध वाढवतात, पेशी उपसा वाढवतात. शेवटी औषध सोसून माणूस अर्धमेला होतो आणि गाठ आपली जागच्या जागी मजेत. अशा वेळी डॉक्टर म्हणतात, आजार औषधाला दाद देत नाही. सरांना असं एक रसायन हवं होतं, जे पेशीला स्वतः मारणार नाही, फक्त तिचे पंप बंद पाडेल. मग नेहमीचंच औषध आत टिकेल आणि आपलं काम करील.

एकामागून एक रसायनं येत, त्यांना नंबर पडत आणि ती बाद होत. त्रेचाळिसावं बाद झालं नाही. त्या दिवशी ताईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तेव्हा ज्या पेशी वर्षानुवर्षं कुठल्याच औषधाला भीक घालत नव्हत्या, त्या आक्रसून, सुटून, द्रवात तरंगत होत्या. ताईंनी बाटली खाली ठेवली, दुसरी घेतली, पुन्हा पाहिलं. मग सरांना हाक मारली. सरांनी पाहिलं आणि ते खुर्चीत बसून राहिले.

संध्याकाळी घरी मास्तर गाडीचा भोंगा खोलून टेबलावर पसारा मांडून बसले होते. शेजारी लेक आणि मास्तरांची बहीण.

"आज पेशींनी दाद दिली," ताई म्हणाल्या. चप्पलसुद्धा काढायची राहिली होती.

"कोणाला?"

"औषधाला. आमच्या त्रेचाळीसमुळे."

"वा! त्यांनी औषधाला दिली, आता तू मला कधी देणार तेवढं सांग," मास्तर म्हणाले. बहीण खो खो हसली. भोंगा हातात होताच, त्यांनी तो एकदा वाजवूनही दाखवला. ताई हात धुवायला मोरीवर गेल्या. परत आल्या तेव्हा दुसराच विषय चालू होता.

उंदरांना नेहमीच्या औषधाबरोबर त्रेचाळीस दिलं तेव्हा गाठी वितळल्या. पण काही उंदीर थरथरायला लागले. पाठीला पोक काढून कोपऱ्यात बसायचे, खायचे नाहीत, त्यांची लघवी बंद व्हायची. कारण उघड होतं. ते पंप काही फक्त कर्करोगाच्या मालकीचे नव्हते. मूत्रपिंडात, यकृतात, मेंदूच्या उंबरठ्यावरसुद्धा तसेच पंप असतात आणि ते शरीरातलं विष बाहेर काढत असतात. त्रेचाळीसला त्यांतला आपला-परका कळत नव्हता. कमी दिलं तर गाठ हलत नसे, जास्त दिलं तर उंदीर जाई. मधली वाट सापडायला आणखी काही वर्षं लागली असती. तेवढ्यात वरच्या लोकांचा या विषयातला रस संपला, सरांना मोठा विभाग मिळाला आणि त्रेचाळीसच्या कुप्या गोठवणाऱ्या कपाटात तळाशी गेल्या. ताईंना दुसऱ्या पेशी दिल्या. त्यांनी त्या वाढवायला घेतल्या.

पुढे मास्तरांना शौचातून रक्त पडू लागलं, ते त्यांनी बराच काळ कोणाला सांगितलं नाही. दिवसभर सीटवर बसून मूळव्याध झाली असेल, असं त्यांनी स्वतःचं स्वतः ठरवून टाकलं. एकदा शिकणाऱ्या बाईंच्या शेजारीच त्यांना घेरी आली आणि त्या घाबरलेल्या बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा भर रहदारीतून गाडी नीट चालवत त्यांना रुग्णालयात नेलं. मास्तर तिथेही म्हणाले, "पास झालात तुम्ही." पण तपासणीत निघालं ते हसण्यासारखं नव्हतं. आतड्यात गाठ होती आणि ती यकृतापर्यंत पोचली होती.

सुरुवातीला औषधाने कमाल केली. केस गेले, चव गेली, पण गाठी लहान झाल्या. मास्तर टोपी घालून पुन्हा गाडीत बसायला लागले. "बघ," ते ताईंना म्हणत, "माझ्या पेशी तुझ्या बाटलीतल्यांपेक्षा शहाण्या आहेत. सांगितलेलं ऐकतात." ताईंना या वेळी विनोद लगेच कळला, आणि त्या हसल्यासुद्धा.

मग पेशी ऐकेनाशा झाल्या. औषध बदललं, तेही काही दिवसच चाललं. डॉक्टरबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. त्यांनी फिल्म उजेडाला धरली आणि म्हणाल्या, "आजार आता औषधाला दाद देत नाहीये."

मास्तरांनी डॉक्टरबाईंकडे पाहिलंच नाही. त्यांनी ताईंकडे पाहिलं. हे शब्द त्यांनी घरात ऐकलेले होते.

परत येताना गाडी त्यांनीच चालवली. सिग्नलला थांबल्यावर समोर बघत विचारलं, "तुझं ते त्रेचाळीस अजून आहे का?"

खोटं बोलायची ताईंना सवय नव्हती. "आहे," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्या घरात दुसरा विषय उरला नाही. मास्तर सकाळी विचारत, जेवताना विचारत, कुशीवर वळताना विचारत. लेक नोकरीवरून रजा काढून आली होती, तीही विचारायला लागली. नणंद तर रोज दुपारी येऊन बसायची.

"वहिनी, घरचा माणूस आहे. उंदराला देता, मग भावाला द्यायला काय होतं?"

"वन्सं, त्यात उंदीर मेलेत."

"सगळे?"

"सगळे नाही."

"मग!" नणंद म्हणाली, जणू सगळा निकालच लागला.

एका दुपारी मास्तरांनी ताईंना शेजारी बसवलं. हातापायांच्या पार काड्या झाल्या होत्या, फक्त आवाज तेवढा मास्तरांचा राहिला होता. "मी हसायचो तुझ्या कामाला," ते म्हणाले. "तो राग आहे का मनात?"

"नाही हो. तसं काही नाही."

"मग दे ना. मी कागदावर सही करून देतो. मेलो तर माझी जबाबदारी."

ताईंनी समजावून सांगायला सुरुवात केली. मूत्रपिंडातले पंप, यकृतातले पंप. औषध शरीरात अडकून राहिलं तर काय काय होऊ शकतं. उंदराचं वजन आणि माणसाचं वजन, आणि त्यावरून मात्रा का काढता येत नाही. त्या शांतपणे, एकेक मुद्दा घेत बोलत होत्या, नव्या मुलांना शिकवताना बोलत तशा. मास्तर ऐकत होते. मध्येच त्यांनी डोळे मिटले.

"म्हणजे नक्की काय होईल?"

"माणसाला कधी दिलेलंच नाही. नक्की माहीत नाही."

मास्तरांनी डोळे उघडले. "माहीत नाही म्हणजे बरंही वाटू शकतं."

दाराशी लेक उभी होती. "आई, मला एवढंच सांग, शक्यता आहे की नाही?"

"शक्यता सांगायची तर आधी किती जणांना..."

लेक पुढचं ऐकायला थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी ताई सरांच्या खोलीत गेल्या. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी कधी काही मागितलं नव्हतं, त्यामुळे शब्द जुळवताना त्यांना घाम फुटला. काही रीतसर वाट आहे का, परवानगी मागता येईल का, एखाद्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली अगदी कमी मात्रेत...

सरांचा चेहरा एकदम उतरला. "ताई, हा विचारसुद्धा मनात आणू नका. नियम आहेत. आपण डॉक्टर नाही."

"नियम मला माहीत आहेत, सर. पण तुम्हाला काय वाटतं? माणसाच्या शरीरात काय होईल?"

सर खिडकीबाहेर बघत राहिले. "कसं सांगणार? माहीत नाही," ते म्हणाले. मग त्यांनी ताईंसाठी चहा मागवला. तसं त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं.

नकार ऐकून ताईंना हलकं वाटलं. आता ठरवायचं ओझं आपल्यावर नाही, असं वाटलं. आणि त्या हलकेपणाची त्यांना लगेच इतकी लाज वाटली, की चहा तसाच सोडून त्या उठल्या. त्याच दुपारी खोलीत कोणी नसताना त्यांनी गोठवणारं कपाट उघडलं. वाफेचा पांढरा लोट बाहेर आला. तळाच्या खणातून एक कुपी काढून त्यांनी मुठीत धरली. हातमोजा न घालता असं काही उचलायचं नसतं हे त्या स्वतः सगळ्यांना शिकवत. बोटं आधी जळल्यासारखी झाली, मग बधिर पडली. त्यांनी कुपी जागेवर ठेवली, कपाट बंद केलं आणि नळाखाली हात धरून उभ्या राहिल्या.

घरी येऊन त्यांनी "नाही" एवढंच सांगितलं. मास्तरांनी मान हलवली. त्यानंतर ते ताईंशी बोलले ते फक्त कामापुरतं. "पाणी." "उशी." "दिवा बंद." गाडीत शिकणाऱ्याला सांगावं तसं तुटक, पण त्यात ती शिकणाऱ्याबद्दलची माया नव्हती. लेकीशी मात्र ते शेवटपर्यंत बोलत होते, अगदी हळू आवाजात, आणि ताई खोलीत आल्या की गप्प होत. असेच ते गेले.

भेटायला आलेल्यांच्या देखत नणंद म्हणाली, "घरात औषध होतं. पण द्यायला मन लागतं." ताई पाण्याचे पेले भरत होत्या, त्या भरत राहिल्या. लेकीने आत्याला गप्प केलं नाही. रजा संपली तशी ती दुसऱ्या शहरात आपल्या कामावर निघून गेली. फोन यायचा, पण त्यात "जेवलीस का" आणि "ठीक आहे" यापलीकडे काही नसायचं. दारातली गाडी ताईंना चालवता येत नव्हती. मास्तरांनी शहराला शिकवलं, बायकोला शिकवायचं राहून गेलं. ती गाडी मास्तरांच्याच एका विद्यार्थ्याने विकत घेतली.

पुढे काही वर्षांनी सर निवृत्त होणार होते. खोली आवरत असताना त्यांनी ताईंना बोलावलं. टेबलावर जुनी मानचिन्हं, खोके, धूळ. सरांनी दार लावून घेतलं.

"ताई, एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिलीय. माझा धाकटा भाऊ गेला, आठवतं?"

ताईंना आठवत होतं. कर्करोगानेच गेला होता. सगळा विभाग भेटायला गेला होता.

"त्याला मी त्रेचाळीस दिलं होतं."

ताई उभ्याच होत्या. त्यांनी जवळच्या खुर्चीची पाठ धरली.

"एका डॉक्टर मित्राला विश्वासात घेतलं होतं. भावाच्या गाठी औषध जुमानत नव्हत्या, तुमच्या मास्तरांसारख्याच. म्हटलं, आपण एवढी वर्षं घातली, मग भावाला नाही तर कोणाला द्यायचं? पहिल्यांदा ताप आला. मग हात थरथरायला लागले. मला ओळखेना. लघवी बंद झाली. उंदरांचं झालं होतं ना, अगदी तसंच. औषध दिलं नसतं तर त्याला अजून काही महिने मिळाले असते. घरच्यांना वाटतं आजारानेच गेला."

"हे मास्तरांच्या आधी की नंतर?"

"आधी. आदल्या वर्षी." सरांनी रुमालाने चेहरा पुसला. "म्हणूनच मी तुम्हाला नाही म्हटलं. मास्तर त्या मरणातून वाचले, ताई. हे तुम्हाला सांगायलाच हवं होतं. आता कसं हलकं वाटतंय."

सरांना वाटलं, त्या आभार मानतील.

"मी तुम्हाला विचारलं होतं, सर," अखेर त्या म्हणाल्या. "माणसाच्या शरीरात काय होईल, असं विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, माहीत नाही."

"तेव्हा कसं सांगणार? माझी नोकरी गेली असती."

"हो. गेली असती." ताईंचा आवाज चढला नाही. "मी घरी जाऊन तेच सांगितलं, माहीत नाही. ते त्या 'माहीत नाही'ला धरून बसले शेवटपर्यंत. एक माणूस यानेच गेला, असं मी सांगू शकले असते तर त्यांनी मागणं सोडलं असतं. निदान माझ्यावरचा राग तरी सोडला असता. तुम्ही मला चहा पाजलात, सर."

"ताई, झालं गेलं..."

"हलकं तुम्हाला वाटलं. मी काय करू याचं?"

त्या दार उघडून बाहेर आल्या. दुसऱ्याच दिवशी संस्थेच्या संचालकांना भेटून त्यांनी सगळं सांगितलं. संचालक सभ्य होते. त्यांनी नीट ऐकून घेतलं, चौकशी करतो म्हणाले. सरांनी चौकशीत साफ कानावर हात ठेवले, आणि तो डॉक्टर मित्र परदेशी निघून गेलेला. भावाच्या घरच्यांना विचारावं असं कोणालाच वाटलं नाही. त्रेचाळीसच्या उरलेल्या कुप्या भट्टीत टाकल्या गेल्या आणि विषय मिटला. सरांचा निरोप समारंभ थाटात झाला. दुपारच्या डब्याला मात्र ताईंच्या टेबलाशी येऊन बसणाऱ्या मुली हळूहळू पलीकडच्या टेबलावर बसू लागल्या. चांगल्या माणसाला जाता जाता डाग लावला, अशी कुजबुज ताईंच्या कानावर आली.

त्या सगळ्याचं त्यांना फारसं वाटलं नाही. त्यांचा जीव दुसरीकडे अडकला होता. रविवारी सकाळी त्यांनी लेकीला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. सरांचा भाऊ, थरथरणारे हात, सगळं. सांगताना त्यांच्या आवाजात एक घाई होती, कितीतरी दिवस बंद असलेलं दार आता उघडेल अशी.

मग लेक म्हणाली, "म्हणजे तू बरोबर होतीस."

"हो गं. मी दिलं असतं तर बाबा..."

"आई, तू बरोबर आहेस हे मला तेव्हाही कळत होतं."

ताई गोंधळल्या. "मग एवढी वर्षं माझ्यावर राग कशाचा?"

"त्या दुपारी बाबा रडत होते. डोळे मिटून घेतले होते ना, ते रडत होते. मी दारातून बघत होते. आणि तू शेजारी बसून त्यांना उंदराचं वजन सांगत होतीस. तू औषध दिलं नाहीस ते ठीकच. फक्त त्यांचा हात धरून म्हणायचं होतंस, की माझ्याने नाही होणार हो, मला भीती वाटते. तुला भीती वाटत होती ना?"

"वाटत होती," ताई म्हणाल्या. "खूप."

"मग ते का नाही सांगितलंस?"

ताईंनी उत्तर शोधून पाहिलं. त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं. भीती ही सांगायची गोष्ट आहे, आणि तिने कोणाला काही मिळतं, हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

"आत्याला सांगू का हे सगळं?" जरा वेळाने लेकीने विचारलं.

"नको. आता तिला सांगून काय करायचं?"

"बरं. ठेवू मग? मला बाहेर जायचंय."

फोन ठेवल्यावर ताई स्वयंपाकघरात आल्या. दूध तापवायला ठेवलं होतं ते उतू जाऊन शेगडीवर करपलं होतं. त्यांनी गॅस बंद केला, भांडं उतरवलं आणि शेगडी घासायला घेतली. घासता घासता त्या मोठ्याने म्हणाल्या, "माझ्याने नाही होणार हो." म्हणताना आवाज परका वाटला. घरात ऐकायला कोणी नव्हतं. डाग निघाला तरी त्या घासतच राहिल्या.